आठवड्याची बारी

जानेवारीच्या कडाक्यात, दिंडोरी रस्त्यावरच्या त्या रिसॉर्टच्या पूलमध्ये एक तरुण गळ्यापर्यंत बुडून उभा होता आणि त्याचे दात ताशासारखे वाजत होते. उज्वलाने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते असं.

"अहो, बाहेर या ना!" ती न राहवून म्हणाली. "आजारी पडाल."

"बारा वाजेपर्यंत... आमचा आठवडा आहे," तो कुडकुडत म्हणाला. "बाबा म्हणतात, मेंटेनन्स भरलाय, तर पूल वसूल करायचा."

उज्वला खळखळून हसली. कारण तिच्या नानांनीही येताना गाडीत हेच बजावलं होतं.

नाना म्हणजे तिचे वडील, मखमलाबादचे फूलशेतीवाले गोरक्षनाना. फुलांच्या भावात त्यांना कुणी फसवून दाखवावं! पण एका दुकानात त्यांनी सोडतीचं कूपन भरलं, फुकटच्या जेवणाला गेले, आणि दर वर्षी एक आठवडा या रिसॉर्टवर राहायचा हक्क विकत घेऊन आले. तोही ऐन थंडीतला. वर देखभालीचे पैसे दर वर्षी वेगळे. घरचे कपाळावर हात मारून बसले, पण नानांना व्यवहार चोख वाटला. मळ्यात त्यांच्या चार भावांची सामाईक विहीर होती. ज्याची बारी त्याचं पाणी, गाळ काढायचा खर्च सगळ्यांचा. यात न समजण्यासारखं काय आहे?

त्यामुळे बारा वाजले, तो तरुण टॉवेल गुंडाळून निघाला, तेव्हा नानांनी त्याला अडवलं.

"ओ पाव्हणं, असं नाय जायचं. बारी सोडताना पुढच्याच्या हाती पाणी द्यायचं असतं. आमच्या विहिरीवरची रीत हाय."

तरुण गोंधळला. मग त्याने पूलमधून ओंजळभर पाणी घेतलं, आणि समोर उज्वलाच उभी होती म्हणून तिच्या ओंजळीत सोडलं. पाणी बर्फासारखं होतं. मग आपले कान का तापले, ते काही तिला कळलं नाही.

"महेश," तो म्हणाला. "सातपूरला आमचं लेथचं वर्कशॉप आहे."

"उज्वला," ती म्हणाली. बस. तेवढंच.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याचा आठवडा संपायचा त्या रविवारी तिचा सुरू व्हायचा. खोल्या झाडून होईपर्यंत पूलच्या काठावर अर्धा तास गप्पा, मग ओंजळभर पाणी, मग वर्षभर काही नाही. नंबर मागावा, तर काय म्हणून मागावा? आणि तो मागत नाही, म्हणजे त्याच्या मनात काही नसेल... पण मनात काही नसलेला माणूस एवढ्याशा पाण्याला इतका वेळ लावतो का?

गेल्या वर्षी, तिसऱ्या भेटीत, तो पाणी देता देता म्हणाला, "अर्ध्या तासात काय होतं हो? एक अख्खा आठवडा असता, तर—"

तेवढ्यात त्याच्या वडिलांनी, झुंबरशेठांनी, गाडीचा हॉर्न दाबला. दाबला तो सोडलाच नाही.

तर काय? तर पोहायला शिकलो असतो? तर कंटाळलो असतो? त्या एका 'तर'ने उज्वलाचं डोकं वर्षभर पोखरलं. शेवंती खुडताना 'तर', क्रेट मोजताना 'तर'. नानांनी दोनदा विचारलं, "पोरी, हिशेब चुकतोय, ध्यान कुठंय?" ध्यान कुठे आहे हे तिला माहीत असतं, तर बिचारी घेऊन नसती का आली?

दिवाळीनंतर रिसॉर्टचा निरोप आला. मेंटेनन्स वाढला.

"यंदा शेवटचं जाऊ अन् देऊन टाकू परत," नाना वैतागून म्हणाले. "पाण्यात कुणी पाय घालीना, अन् ह्ये नुसते गाळाचे पैसे घेत्यात!"

शेवटचं? मग त्या 'तर'चं काय? तिने गुपचूप रिसॉर्टला फोन लावला. यंदा आम्हाला आधीचा आठवडा मिळेल का? महेशचा. अख्खा.

"हो मॅडम, लगेच होईल," पलीकडची मुलगी म्हणाली. इतकं सहज झालं की एखाद्या शहाण्या माणसाला शंका आली असती. पण प्रेमात पडलेल्या माणसाला शहाणं कोण म्हणेल?

आठवडा सुरू झाला. महेश नव्हता.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, उशिरा येतील. मग वाटलं, आजारी असेल. मग वाटलं, लग्न झालं असेल! रोज हाताला रिसॉर्टचा निळा पट्टा बांधून ती पूलवर जायची, पाण्यात पाय सोडून बसायची आणि फाटकाकडे बघायची. तिची आई चंद्रभागाबाई दोनदा येऊन अंगावर शाल टाकून गेल्या.

रविवारी बारा वाजायला आले. बॅगा गाडीत चढल्या. आणि फाटकातून, खांद्यावर बॅग, नजर थेट पूलकडे... महेश!

"तुम्ही निघालात?" तो जागीच थबकला. "आज तर सुरू होतो ना तुमचा आठवडा?"

"तुमचा आज संपतो ना?"

"मी... बदलून तुमचा मागून घेतला."

"मी तुमचा मागितला!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग उज्वलाला इतकं हसू आलं की हसता हसता डोळेच भरले.

"अख्खा आठवडा असता, तर... पुढे काय होतं?" तिने विचारलं.

"तर रोज थोडा थोडा धीर गोळा करून तुम्हाला विचारलं असतं," तो म्हणाला. "अर्ध्या तासात जमत नाही हो मला."

"आता तर तेवढाही नाही. नाना यंदा सोडताहेत हे सगळं."

"उज्वले!" नानांनी हाक मारली. "पाणी दे अन् चल."

यंदा देणारी ती होती. तिने वाकून ओंजळ भरली आणि त्याच्या ओंजळीत सोडली. पाणी कधीच गळून गेलं. हात तिथेच राहिले.

"ताई, बारा वाजले," पूलवर लक्ष ठेवणाऱ्या मंगलाबाई म्हणाल्या. "पट्टा काढा. ज्यांचा आठवडा त्यांचीच माणसं थांबतात इथं."

उज्वलाने एक हात तिथेच ठेवून दुसरा पट्ट्याला घातला. तीन वर्षं अहोजाहोच्या पुढे न गेलेला महेश एकदम बोलला. यंदा तो पाण्यात नव्हता, तरी दात वाजत होते.

"राहू द्या. ती आमच्याकडचीच आहे."

मंगलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, उज्वलाकडे पाहिलं आणि हसत दुसरीकडे गेल्या. गाडीशी उभ्या नानांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी किल्ली परत खिशात टाकली.

"बस जरा," ते चंद्रभागाबाईंना म्हणाले. "पोरीनं पाणी दिलंय, पण हात नाय सोडला अजून."