शिंपलेवाडीच्या नऊ नळ्या

"नऊच्या नऊ!" असं ओरडून लगबगने जागच्या जागी एक गिरकी घेतली.

लगबग गिरकी घ्यायला लागला की समजावं, काहीतरी बिनसलंय. कासारबंदरच्या लोकरुग्णालयाच्या प्रयोगशाळेतला हा यंत्रमानव. उंची जेमतेम कमरेएवढी, खाली तीन चाकं, वर दोन लांबलचक हात आणि अंगात घाई अशी की दुसरं नाव ठेवणं शक्यच नव्हतं. रक्ताच्या नळ्या उतरवून घ्यायच्या, त्यांच्यावरची चिठ्ठी वाचायची, त्या यंत्रात लावायच्या आणि आकडे सांगायचे, ही त्याची कामं. बडबड मात्र त्याला कुणी शिकवली नव्हती. ती त्याने आपली आपण उचलली.

केतकी पिवळ्या रेषेच्या अलीकडे उंच स्टुलावर बसली होती. सहावीतली ही पोर दिवाळीच्या सुट्टीत आजोळी आली की तिचा अर्धा दिवस इथेच जायचा, कारण प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे तिच्या आईचे वडील, मोरेश्वर केळुसकर. सगळं कासारबंदर त्यांना अप्पा म्हणतं. रेषा ओलांडायची नाही आणि कशालाही हात लावायचा नाही, या दोन अटींवर तिला बसायला मिळायचं. प्रश्न विचारू नयेत अशी अट नव्हती. असती तरी केतकीने ती पाळली नसती म्हणा.

"काय नऊच्या नऊ? नीट सांग बाबा," अप्पा म्हणाले.

"शिंपलेवाडीहून सकाळी ड्रोनने नऊ नळ्या आल्या. नऊही जणांचं पोटॅशियम साडेसहाच्या वर! सगळ्यांत जास्त सात पूर्णांक एक. नाव, वृंदा केळुसकर."

वृंदामामी! शिंपलेवाडीच्या शाळेत शिकवणारी तिची लाडकी मामी, अप्पांची सून. मामीला सातवा महिना होता. बाळाचं नाव खरं तर आत्याने, म्हणजे केतकीच्या आईने ठेवायचं. पण तो हक्क केतकीने आईकडून चक्क लिहून घेतला होता.

"अप्पा, सात म्हणजे खूप वाईट का हो?"

अप्पांनी आधी फोन उचलला. धोक्याचा आकडा दिसला की पहिला फोन डॉक्टरांना, मग बाकी सगळं, असं तिथल्या भिंतीवरच लिहिलेलं होतं.

"डॉक्टर मुकादम, केळुसकर बोलतोय. शिंपलेवाडीच्या नऊ जणांचं पोटॅशियम साडेसहाच्या वर दाखवतंय. त्यात आमची वृंदाही आहे. पण एक सांगतो, मला हे आकडे पटत नाहीत. नऊ माणसं एकदम, एकाच दिवशी? मला थोडा वेळ द्या."

डॉक्टर शबाना मुकादम यांचा आवाज खोलीभर ऐकू आला. "अप्पा, मी त्यांच्या मनगटपट्ट्यांवरून हृदयाचे आलेख बघतेय. आत्ता तरी ठीक दिसतायत. पण नुसत्या आलेखाच्या भरवशावर मी बसून राहू शकत नाही. आकडा खरा असेल, तर वृंदाला तातडीने इंजेक्शन द्यायला हवं. आणि खोटा असेल, तर तेच इंजेक्शन तिला भलतंच महागात पडेल. पाऊण तास देते. तोवर हवाई ॲम्ब्युलन्स तयार ठेवते."

फोन बंद झाला. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आता ऐक," अप्पा केतकीला म्हणाले. बोलता बोलता त्यांचे हात मात्र चाललेलेच होते. "केळी, शहाळं यांतून पोटॅशियम नावाचं खनिज आपल्या पोटात जातं. रक्तातल्या पाण्यात, म्हणजे रक्तद्रवात (रक्तातल्या पेशी बाजूला काढल्या की उरणारा पिवळसर द्रव) ते अगदी थोडं लागतं. आपल्या मापात साडेतीन ते पाच. त्याच्यावर हृदयाचा ताल अवलंबून असतो. फार वाढलं तर ठोके चुकतात, फार घटलं तरी चुकतात."

"मग यंत्रच बिघडलं असेल!"

"असेलही. त्याला विचारू या. लगबग, साक्षीदार आण."

साक्षीदार म्हणजे या प्रयोगशाळेतला खास शब्द. शीतकपाटात काही छोट्या बाटल्या असतात. त्यांतल्या द्रवात पोटॅशियम किती, साखर किती, हे सगळं आधीपासून माहीत असतं. पुस्तकात त्याला नियंत्रण नमुना (ज्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं असा नमुना) म्हणतात. रोज सकाळी एकाही पेशंटची नळी लावण्याआधी साक्षीदार लावायचा. त्याचं उत्तर बरोबर आलं, तरच यंत्राच्या पुढच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा.

"सकाळी लावला होता की," लगबग कुरकुरला.

"पुन्हा लाव."

चार मिनिटं गेली. केतकीने नख कुरतडायला घेतलं, अप्पांनी डोळे वटारले, तिने हात मांडीखाली दाबले.

"साक्षीदाराचं पोटॅशियम चार पूर्णांक शून्य. असायला हवं होतं चार पूर्णांक शून्य," लगबगने सांगितलं. "आणि आज तपासलेल्या कासारबंदरच्या बावीस पेशंटांचेही आकडे नेहमीसारखेच आहेत."

"म्हणजे यंत्र निर्दोष," अप्पा म्हणाले. "मग घोटाळा यंत्राच्या आधी झाला असेल. रक्त काढल्यापासून यंत्रात जाईपर्यंत. एक शक्यता अशी, की नळी आदळली आणि तांबड्या पेशी फुटल्या. पेशींच्या पोटात पोटॅशियम ठासून भरलेलं असतं, बाहेरच्यापेक्षा पंचवीसपट तरी. पेशी फुटली की ते सगळं बाहेर सांडतं. पण पेशी फुटल्या तर त्यांचा तांबडा रंगही सांडणार ना?" त्यांनी वृंदामामीची नळी उजेडात धरली. यंत्रात लावण्याआधी ती चक्रीत गरागरा फिरवली होती, त्यामुळे पेशी तळाशी बसल्या होत्या आणि वर रक्तद्रव राहिला होता. "बघ. काय रंग आहे?"

"पिवळट. पेंढ्यासारखा."

"म्हणजे पेशी फुटलेल्याही नाहीत." अप्पांनी चष्मा काढून पुसला. चष्मा मुळात स्वच्छच होता. अप्पांनाही काळजी वाटतेय, हे केतकीला त्यावरून कळलं. साडेनऊ व्हायला आले होते.

"हे काय! पुन्हा फरशी ओली!" लगबग दाराजवळून ओरडला. "सकाळीसुद्धा मी इथे घसरलो. दोनदा पुसलं. माझी काही किंमत आहे की नाही?"

केतकीने तिकडे पाहिलं. दाराजवळच्या बाकावर ड्रोनचा निळा डबा ठेवला होता, आणि त्याच्या कोपऱ्यातून टप टप पाणी गळत होतं.

असं टप टप गळणारं पाणी तिने रोज पाहिलं होतं. कुठे बरं? मासळीबाजारात! पाटीखाली, बर्फ वितळला की.

"अप्पा!" ती स्टुलावरून उडीच मारणार होती, पण रेषा आठवली. "अप्पा, डबा बघा! त्यात बर्फ होता!"

अप्पांनी डबा उघडला. आत ओलंचिंब फडकं होतं आणि तळाशी बोराएवढे बर्फाचे चार-पाच खडे उरले होते. पुढच्याच क्षणी त्यांनी शिंपलेवाडीच्या आरोग्यसेविकेला, चंपाताई तांडेल यांना फोन लावला.

"चंपाताई, कालच्या नळ्या बर्फात ठेवल्या होत्यात का?"

"व्हय तर!" चंपाताई मोठ्या अभिमानाने म्हणाल्या. "रगत काल सांजच्याला काढलं. पण वारा कसला सुटला होता म्हणून सांगू! ड्रोन काय उडेना. मग नवऱ्याच्या होडीवरचा बर्फ आणला, नळ्या फडक्यात गुंडाळल्या नि रातभर बर्फात ठेवल्या. एकदम ताज्या ऱ्हायल्या असतील!" मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "का वो अप्पा? काय चुकलं का माझं?"

"ते मग बघू. आधी नऊही जणांचं पुन्हा रक्त काढा, वृंदाचं सगळ्यांत आधी. कोरडा डबा, बर्फ अजिबात नको. ड्रोन पाठवतोय."

ड्रोनला जायला-यायला वीस मिनिटं लागणार होती. डॉक्टर मुकादमना बर्फाचं कळवून आणखी थोडा वेळ मागून घेतला, आणि मग नुसतं थांबणं उरलं. थांबणं हे केतकीला मुळीच जमत नसे.

"पण अप्पा, थंड ठेवलं तर वस्तू टिकते ना? दूध टिकतं, मासे टिकतात. रक्तानेच काय पाप केलंय?"

"मासा मेलेला असतो गं. रक्तातल्या पेशी जिवंत असतात, खरी गंमत तिथेच आहे." अप्पांनी एका कागदावर वाटोळी पेशी काढली. "आत पोटॅशियम भरपूर, बाहेर थोडं. त्यामुळे ते सारखं बाहेर झिरपायला बघतं. मग ते आत टिकतं कसं? पेशीच्या भिंतीत लाखमोलाचे छोटे छोटे पंप असतात. एका फेरीत ते तीन सोडियम (मिठातलं खनिज) बाहेर काढतात आणि दोन पोटॅशियम आत ओढतात. रात्रंदिवस हेच काम. रक्त नळीत काढलं तरी काही तास ते चालूच असतं."

केतकीने कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे गळक्या होडीत एक माणूस सारखं पाणी उपसत बसलेला असतो, तसं?"

"अगदी तसं! फक्त इथे झिरपणं आतून बाहेर आहे. आता त्या माणसाला थंडीत कुडकुडत बसवलं तर?"

"तो हात काखेत घालून बसेल. उपसणं बंद. पण गळती..." केतकीचे डोळे विस्फारले. "गळती काही थांबणार नाही!"

"बरोब्बर. पंप चालायला साखरेपासून मिळणारी शक्ती लागते, आणि बर्फात तो कारभार जवळजवळ ठप्प होतो. रात्रभर पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपलं. पेशी फुटल्या नाहीत, म्हणून रंग नाही सांडला. यंत्राने नळीतलं पोटॅशियम अचूक मोजलं. पण वृंदाच्या अंगात ते तेवढं होतं की नाही, हे यंत्राला कसं कळणार?"

"मग रक्त थंड करायचंच नाही?"

"करायचं की. पण आधी चक्रीत फिरवून पेशी वेगळ्या काढायच्या आणि नुसता रक्तद्रव थंड करायचा. तोवर नळ्या आपल्या साध्या सावलीत, खोलीत."

केतकी लगबगकडे वळली. "आणि तू रे? बर्फातला डबा आत घेतलासच कसा?"

"माझा नियम मी पाळला," लगबग तोंड पाडून म्हणाला. तोंड नव्हतंच त्याला. हात पाडून म्हणाला म्हणू या. "डबा तीस अंशांच्या वर तापला का? नाही. रक्त काढून चोवीस तास उलटले का? नाही. किती गार झाला, हे मला कुणी विचारायला सांगितलंच नाही."

अप्पा उठले, कपाटातून एक छापील कागद काढून केतकीपुढे धरला. गावोगावच्या आरोग्यसेविकांना दिलेलं सूचनापत्र होतं ते. चौथी ओळ त्यांनी बोटाने दाखवली. *नमुना ताजा राहील याची काळजी घ्यावी.*

"हे कोणी लिहिलं?" केतकीने विचारलं.

"मी," अप्पा म्हणाले. "आणि ज्या गावात सकाळ-संध्याकाळ मासळी उतरते, तिथे पाठवून दिलं. शिंपलेवाडीत ताजं ठेवायचं म्हणजे काय करायचं, ते शेंबड्या पोराला विचारलं तरी सांगेल. चंपाताईंनी मी लिहिलं तेच केलं. आपल्याकडे उकाडा एवढा, की गारठ्याचा धोका माझ्या डोक्यातच आला नाही."

तेवढ्यात गच्चीवर ड्रोन उतरल्याची घंटा वाजली. लगबग असा सुटला की दारावर आपटला. रक्त साकळायला हवं, चक्री फिरायला हवी, यंत्राने मोजायला हवं, आणि घड्याळ तर कुणासाठी थांबत नव्हतं. डॉक्टर मुकादम स्वतःच जिना उतरून दारात येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर मामीचं नाव आलं, आणि त्याच्यापुढे आकडा.

"चार पूर्णांक एक!" लगबग किंचाळला. त्याने एक नाही, तीन गिरक्या घेतल्या.

मग बाकीचे आठ आले. तीन पूर्णांक नऊ, चार पूर्णांक तीन, चार पूर्णांक शून्य. नऊच्या नऊ ठणठणीत! केतकीला इतका आनंद झाला की तिला रडूच फुटलं, आणि डॉक्टर मुकादमनी तिला जवळ घेतलं. ॲम्ब्युलन्सला 'नको' कळवताना त्यांचाही आवाज थोडा ओला झाला होता.

अप्पांनी मात्र चुकांची वही उघडली. काय घडलं, का घडलं, पुन्हा घडू नये म्हणून काय करणार, असे तीन रकाने. 'का घडलं' खाली त्यांनी लिहिलं, 'सूचनापत्रातला माझा शब्द संदिग्ध (दोन अर्थ निघतील असा) होता. मो. केळुसकर.' चंपाताईंचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

"शाळेत मी चूक लपवते," केतकी हळूच म्हणाली.

"लपवलेली चूक पुन्हा भेटते गं. लिहिलेली चूक सहसा वाट सोडते."

त्याच दुपारी अप्पांनी स्वतःच्या दंडातून दोन नळ्या रक्त काढायला लावलं. एक शीतकपाटात, एक टेबलावर. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही मोजल्या. टेबलावरची चार पूर्णांक दोन, शीतकपाटातली सहा पूर्णांक सहा. "माणूस एकच, आकडे दोन!" असं केतकी दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटली. लगबगला नवा नियम मिळाला, डबा पंधरा अंशांच्या खाली गेला की आरडाओरडा करायचा. आरडाओरड्याचं काम मिळाल्यामुळे स्वारी भलतीच खूश झाली. आणि नव्या सूचनापत्राची चौथी ओळ अप्पांनी स्वतः लिहिलीच नाही. ती चंपाताईंना फोनवर सांगायला लावली, आणि जशीच्या तशी छापली. *रगत म्हणजे बांगडा नव्हे. बर्फ लावू नये.*

पुढच्या आठवड्यात शिंपलेवाडीचा डबा आला. लगबगने आधी त्याचा तापमापक (उष्णता मोजणारं साधन) वाचला. सत्तावीस अंश. खाली फरशी खडखडीत कोरडी. पण ड्रोनला आज आणखी एक डबा लटकत होता, लाल रंगाचा, आणि त्यातून टप टप पाणी गळत होतं.

"गारठा! गारठा! नियम मोडला!" लगबगने आकांत मांडला.

अप्पांनी झाकण उघडलं. बर्फाच्या गादीवर सहा चकचकीत बांगडे ओळीने झोपले होते. वर प्लास्टिकच्या पिशवीत एक चिठ्ठी होती. केतकीने रेषेच्या अलीकडूनच मान लांब करून ती मोठ्याने वाचली.

"अप्पा, हे मात्र बर्फातच. चंपा."