जुना पंप

"झाकणाला हात लावाल तर बघा!"

नुसतं ओरडून ती थांबली नाही. गॅरेजच्या दारातून धावत जाऊन तिने त्याचं मनगटच धरलं. अर्ध्या चढावर पिवळी कॅम्पर व्हॅन धापा टाकत उभी होती, बॉनेटमधून वाफेचे लोट निघत होते, आणि हा शहाणा हातात फडकं घेऊन रेडिएटर उघडायला निघाला होता.

"पाणी घालत होतो," तो म्हणाला.

"उकळतं पाणी तोंडावर उडालं असतं. मग चेहरा कुठल्या गॅरेजात टाकला असतात?"

"इथेच..." तो हसला. मग मनगटाकडे बघत म्हणाला, "सोडलं नाहीत तरी चालेल."

तिने घाईने सोडलं.

गॅरेज तिच्या बाबांचं. बाबांच्या पाठीने दगा दिल्यापासून ते वरच्या खोलीत पडून असत आणि खाली सगळा कारभार तिचा. येणारे-जाणारे ट्रकवाले तिला 'पाना' म्हणत. तो शाळेत गणित शिकवायचा, म्हणून पहिल्याच संध्याकाळी तिने त्याला 'मास्तर' करून टाकलं. पाव पोचवणारी जुनी व्हॅन घेऊन त्याने तिचं घर केलं होतं. आत पलंग, शेगडी, स्वतः शिवलेले पडदे... शिवण वाकडी होती, पण होती.

"आणि इंजिन? तेही मीच उघडून जोडलंय," तो छाती फुगवून म्हणाला.

मंगळवारी सकाळी तिने ते उघडलं आणि तिला हसू आवरेना. इंजिन तापलं की पाण्याला वाट करून देणारा थर्मोस्टॅट मास्तरांनी चक्क उलटा बसवला होता. अर्ध्या तासाचं काम. त्याची कशी फिरकी घ्यायची, हे ती मनात जुळवत होती, तेवढ्यात तो चहाचे दोन कप घेऊन आला. केस ओले, शर्टाचं एक बटण चुकलेलं.

"जास्त आहे का दुखणं?"

तिने तोंड उघडलं. आणि निघालं भलतंच.

"पाण्याचा पंप गेलाय. शहरातून मागवावा लागेल. शनिवार उजाडेल."

गॅरेज सांभाळायला लागल्यापासूनच्या अकरा वर्षांत तिने गिऱ्हाइकाशी खोटं बोलल्याचं कुणाला आठवणार नाही. पण तो तिला आवडला होता, आणि अर्ध्या तासात तो चढ ओलांडून गेला असता. चार दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे, असं तिने स्वतःला समजावलं. दुपारी तो डुलकी घेत असताना थर्मोस्टॅट सरळ बसवला, इंजिन चालवून पाहिलं आणि बॉनेट लावून टाकलं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले, ते विचारूच नका. ती ट्रकखाली सरपटत असली की तो बाहेर बसून पाने हातात देई, नेमका चुकीचा नंबर निवडून. संध्याकाळी व्हॅनच्या पायरीवर दोघं ऑम्लेट खात. तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"तुझ्या गालाला ग्रीस लागलंय."

"कुठे?"

"थांब... मीच पुसतो." त्याने अंगठ्याने पुसलं, आणि अर्थातच जास्त पसरवलं.

बुधवारी संध्याकाळी मात्र तो गप्प होता. तिने फारच खोदल्यावर बोलला.

"ताई शुक्रवारी दुपारी परदेशी जातेय. कायमची. ही व्हॅन आम्ही दोघांनी मिळून घेतली होती. म्हणाली, एकदा ती घेऊन ये, चक्कर मारू."

"मग... बसने जा ना," ती कशीबशी म्हणाली.

"दोनदा बदलावी लागते. दोन दिवस जातात. व्हॅनने एका दिवसात पोचलो असतो." तो पायरीकडे बघत राहिला. "आई आजारी होती तेव्हा सगळं ताईने एकटीने निस्तरलं. मी पळालो. मग तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. तिचं लग्न, तिचं बाळ... दर वेळी एक थाप. कधी परीक्षा, कधी ताप. सहा वर्षं."

तेव्हाच सांगायचं होतं. आत्ता निघालास तर पोचशील, एवढंच. पण सांगितलं तर तो जाईल, आणि वर तिचं खोटंही कळेल. सकाळी सांगू, असं म्हणून तिने बुधवार ढकलला. गुरुवारी सकाळी तो तिच्याकडे बघून असा हसला की तिने गुरुवारही ढकलला.

गुरुवारी संध्याकाळी तो व्हॅनला टेकून फोनवर बोलत होता. ती दोन हात अंतरावर नट धूत होती.

"नाही गं ताई, कारण नाही सांगत... माहितीये मला, दर वेळी असंच म्हणतो. पण या वेळी खरंच बंद पडलीये गाडी. तुझी शपथ... हॅलो? ताई?"

तिने एकच नट पाच वेळा धुतला.

शनिवारी तिने किल्ली त्याच्या हातात ठेवली. त्याने व्हॅन सुरू केली, कान देऊन ऐकली आणि उतरून तिच्यासमोर उभा राहिला.

"सुट्टीचे बारा दिवस उरलेत," तो म्हणाला. "वाटतंय, इथेच काढावेत. पुढच्या सुट्ट्याही... तुझं काय म्हणणं आहे?"

तिला रडूच येणार होतं.

"बरं, नंतर सांग. आधी तो जुना पंप दे. गिऱ्हाइकं मागतातच ना जुना पार्ट? मला आठवण म्हणून हवाय. त्याच्यामुळे तू भेटलीस."

भंगारात पंपांचा ढीग होता. ती तिथवर गेली, एक उचललाही. त्याला फरक कळला नसता. पण हा माणूस तो पंप जन्मभर कपाटावर ठेवेल आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवेल, हे तिला स्पष्ट दिसलं. तिने तो खाली ठेवला आणि रिकाम्या हातांनी परत आली.

"पंप गेलाच नव्हता. थर्मोस्टॅट उलटा होता. मंगळवारीच नीट केला."

त्याला समजायला वेळ लागला. गणिताच्या मास्तराला वार मोजायला इतका वेळ लागावा!

"बुधवारी गाडी चालू होती?"

"हो."

"मी फोन केला, तेव्हा?"

"हो... तू जाऊ नयेस म्हणून. ताईंचा नंबर दे, मी सांगते त्यांना. माझी चूक आहे."

त्याने नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. ताई कालच गेली होती; तो नंबर आता वापरात नव्हता.

"सहा वर्षांत मी तिच्याशी एकदाच खरं बोललो," तो म्हणाला. "तेही खोटंच निघालं."

तो आवाज चढवून बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण त्याने शांतपणे पायरी आत घेतली, पडदे बांधले.

"मास्तर... परत येशील?"

"बुधवारी सांगितलं असतंस तर ताईला भेटून शनिवारी इथेच आलो असतो गं," तो म्हणाला. "तुझी शपथ."

आणि त्याने व्हॅनचं दार ओढून घेतलं.