पंधरा किलोंचे आजोबा

चंद्रावर माझं वजन पंधरा किलो भरतं. खोटं वाटत असेल तर काटा घेऊन या. पृथ्वीवर ते नव्वद होतं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांध्यांवरचा भार कमी करा. मी केला. सरळ चंद्रावर लेकीकडे राहायला आलो.

काटा पंधरा दाखवतोय म्हटल्यावर डिंकाचे लाडू पुन्हा सुरू झाले. न्याहारीला तीन, दुपारी दोन आणि अधूनमधून चवीपुरते. गुडघे गप्प बसले, पण बोटं रुसली. उजवी तर्जनी सकाळी अशी ताठ, की टिचकी मारता येईना. आणि तीन महिन्यांवर वसाहतीच्या कॅरमची अंतिम फेरी. जोडीला माझी नात शाल्मली, वय अकरा. इथे स्ट्रायकर पटावर फार घासत नाही. जरा जोर जास्त झाला की तो थेट स्वयंपाकघरात जातो. त्यामुळे बोट नाजूक चालायला हवं.

शाल्मलीनं माझं बोट दाबून पाहिलं. "आजोबा, तुम्ही हातांवर चालता का?"

मी म्हटलं, तरुणपणी सिंहगड हातांवरच उतरलोय. तिनं ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

"मग बोटांवर भार कसला?"

हे शोधायला तिनं मोहरीला बोलावलं. मोहरी म्हणजे तिच्या शाळेतला यंत्रमानव, धुळीच्या कणाएवढा. सुईतून ती माझ्या रक्तात शिरली आणि पोटापाशी पोचून बोलू लागली. तिथे चरबीच्या पेशी दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि सारखे रासायनिक निरोप सोडत होत्या: संकट आलंय, धावा. रक्त ते निरोप बोटांपर्यंत नेत होतं. तिथे लढायला आलेल्या पेशींना शत्रू सापडत नव्हता. नुसता दाह (सूज, लाली, ठणका) होत होता आणि कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर) झिजत होती.

शाल्मलीनं समजावलं, की चयापचय (अन्नातून शक्ती काढणं, वापरणं, साठवणं) बिघडलं की चरबी नुसती साठून राहत नाही, बडबडायला लागते.

"पण माझं वजन तर पंधरा."

"चंद्र तुम्हाला कमी ओढतो, म्हणून काटा कमी दाखवतो. चरबी तेवढीच आहे. उलट लाडवांनी थोडी वाढलीय."

लाडवांचा डबा तिच्या ताब्यात गेला. मला शिशाचे बूट मिळाले आणि रोज वसाहतीच्या घुमटाखालच्या विवराभोवती तीन फेऱ्या. मी वाटेत पृथ्वीला नावं ठेवायचो, शाल्मली मला. हळूहळू मोहरी सांगू लागली, की निरोप विरळ झालेत. झिजलेली कूर्चा परत आली नाही, पण सूज उतरली.

अंतिम फेरीत राणी घेऊन झाली होती, शेवटची सोंगटी उरली होती आणि खेळी माझी होती. तर्जनी वाकली. अगदी पापणी मिटावी तशी टिचकी मारली. सोंगटी गेली. स्ट्रायकर पटावरच राहिला.

शाल्मली आता मोहरीच्या बहिणी बनवतेय. त्या दुखणं सुरू होण्याआधीच निरोप ऐकतील आणि माणसाला सावध करतील.

बक्षिसात मिळाला लाडवांचा डबा. शाल्मलीनं माझ्याकडे पाहिलं.

"एक, आजोबा."

मी अर्धाच खाल्ला. आत मोहरी ऐकत होती.