एकोणतिसावा दिवस

हॉस्पिटलचा सर्व्हर सकाळी अकराच्या ठोक्याला पुन्हा आडवा झाला. दुपारी नोंदणीवाल्या बाईंच्या हातात निलंबनाचा कागद पडणार होता.

"बाई स्कॅन चढवत बसतात, म्हणून डिस्क भरते. एवढं लेखी द्या," अधीक्षकांनी डेटाबेसवालीला फर्मावलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची इतकी घाई तिनं क्वचितच पाहिली होती.

डिस्क भरली होती रीडो लॉगनं. डेटाबेसमध्ये काही बदललं की त्याची नोंद या लॉगमध्ये पडते. पूर्वी रोज दोन जीबी भरायचा, वर्षभरापासून चाळीस. नवे रुग्ण मात्र रोजचे तेच साठ-सत्तर.

"बाई, इतक्यात रजा घेतलीत?"

"गेल्या महिन्यात चार दिवस. मोठी बहीण गेली माझी. ऑपरेशनच्या यादीत होती."

त्या चार दिवसांतही चाळीसच.

"अकराला काय होतं इथं?"

"काही नाही. त्या फलकावरची तारीख तेवढी आपोआप बदलते."

दाराशी फलक झळकत होता : 'शस्त्रक्रियेसाठी कुणीही तीस दिवस थांबत नाही.' पाणी कुठं मुरतंय ते तिला कळलं. तिनं लॉग उघडला आणि बाईंना घेऊन अधीक्षकांच्या खोलीत गेली.

"फलकावरची तारीख बदलण्याआधी रोज एक आज्ञा चालते. ज्यांचे तीस दिवस भरले, त्यांची नोंदणीची तारीख पुढे सरकते, म्हणजे स्क्रीनवर एकोणतीसच दिवस दिसतात. चार हजार माणसं, साहेब! आणि प्रत्येकाची नोंद स्कॅनसकट नव्यानं लिहिली जाते. म्हणून चाळीस जीबी. आज्ञा तुमच्या लॉगिननं, फलक लागला त्याच दिवशी दिलेली."

"वरून विचारणा होते हो..." अधीक्षक पुटपुटले.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. खऱ्या तारखा लॉगमध्ये आहेत."

निलंबनाचा कागद अधीक्षकांनी मुकाट्यानं खणात सारला. तिला त्यांची किळस आली.

बाई मात्र हलल्या नाहीत.

"माझ्या ताईची खरी तारीख सांगता?"

तिनं शोधली. "गेल्या त्या दिवशी दोनशे अकरा दिवस झाले होते."



"ती म्हणायची, सात महिने झाले गं. मी रोज स्क्रीन बघून सांगायचे, एकोणतिसावाच दिवस आहे. मला वाटायचं, दुखण्यानं तिचं डोकं फिरलंय. शेवटी शेवटी तीच म्हणाली, तू म्हणतेस तर तसंच असेल."