सात हाका

डॉ. रेहाना तांबोळींनी खुर्चीचे पट्टे आवळले, तारा तपासल्या आणि हर्षदा लोहारकडे पाहिलं. मुलगी घाबरलेली नव्हती. घाबरली असती तर बरं झालं असतं. पुण्याच्या मज्जाविज्ञान प्रयोगशाळेतल्या त्या खुर्चीत ती निकाल आधीच ठाऊक असल्यासारखी बसली होती.

"डॉक्टर, उगंच तरास घेताय," ती म्हणाली. "यंत्रानं लिवलंय ना, माझ्या मनात हुतं म्हणून? मग आसंल. मनातलं सगळं माणसाला तरी कुठं कळतंय?"

अपघातानंतरच्या तीन महिन्यांत ही मुलगी स्वतःच्या विरुद्ध साक्षीदार झाली होती, आणि त्याचा रेहानांना चौकशीपेक्षाही जास्त राग येत होता.

प्रकरण असं होतं. कागलच्या पुढे माळावर शर्यतींची मातीची धावपट्टी आहे. तीनशे किलोंच्या छोट्या एकआसनी गाड्या तिथे धावतात. माती सुटी आणि वळणं आखूड, त्यामुळे गाडी वळणावर वळत नाही, आडवी घसरत जाते, आणि ती घसरण सांभाळणं हीच सगळी कला. हर्षदा त्या कलेत जिल्ह्यात पहिली. मात्र त्या दिवशी पाचव्या फेरीत तिच्या गाडीचं इंजिन बेफाम सुटलं. रेस चढली ती पुरती उतरेना. अकरा सेकंद गाडी तिला घेऊन पळाली आणि वळणावर चौथऱ्यावर उभ्या असलेल्या बंडोपंत पाटील या झेंडेवाल्याला उडवून कठड्यात घुसली. बंडोपंत जागीच गेले.

एवढंच असतं तर तो अपघात ठरला असता. पण त्याच सकाळी बंडोपंतांनी चुकीच्या सुरुवातीबद्दल तिला झेंडा दाखवला होता आणि ती चारचौघांत म्हणाली होती, "पुन्यांदा असला झेंडा दावलासा तर गाडी अंगावर घालीन." कोल्हापुरात असलं वाक्य दिवसातून दहादा बोललं जातं आणि अकराव्यांदा दोघं मिळून चहा पितात. पण गाडीतल्या नोंदीला ते कोण सांगणार? नोंद म्हणत होती की त्या अकरा सेकंदांत चालकाने पुन्हा पुन्हा वेग वाढवण्याचीच इच्छा केली. सोमवारी चौकशी समिती बसणार होती, आणि नोंद ग्राह्य धरली तर अपघाताचा मनुष्यवध होणार होता.

"पुन्हा पहिल्यापासून सांगा," रेहाना शेजारच्या माणसाला म्हणाल्या. "गाडीत तिच्या उजव्या पायाखाली काय होतं?"

हा माणूस म्हणजे सुहास गोगटे. गाडीचा इंजिन-नियंत्रक त्यांनी बनवला होता, आणि कंपनीने नको म्हटलं असतानाही ते स्वतःहून आले होते.

"नुसती पट्टी. ती हलत नाही. मातीवर गाडी इतकी आदळते की पायाने रेस धरणं जमत नाही. म्हणून आम्ही पायाचं कामच काढून घेतलं. माणूस पाय दाबतो त्याच्या साधारण अर्धा सेकंद आधी मेंदूत त्या हालचालीची तयारी सुरू होते. त्या तयारीच्या लहरीला आम्ही पूर्वस्पंद म्हणतो. डोक्यावरचा स्पंदटोप तो टिपतो आणि नियंत्रक तेवढी रेस देतो. नंतर पट्टीवर पाय दाबला काय, न दाबला काय, इंजिनाला फरक पडत नाही."

"ब्रेक?"

"डाव्या पायाने. तिने तो दाबलेला आहे. पण सुट्या मातीवर एवढ्या रेसपुढे ब्रेकचं काय चालणार?"

"आणि इंजिन बंद करायचं बटण?"

गोगटे टेबलाकडे पाहू लागले. "तेही दोनदा दाबलं. नियंत्रकाने दोन्ही वेळा 'अपघाती स्पर्श' अशी नोंद करून सोडून दिलं. धक्क्यांत हात चुकून बटणावर पडायचा, चालू शर्यतीत इंजिनं बंद पडायची, तक्रारी फार आल्या. म्हणून नियम घातला, की हात एक सांगतोय आणि मेंदू दुसरं, तर मेंदूचं ऐकायचं. हात चुकतो, मन चुकत नाही, असं वाटलं."

"कुणाला वाटलं?"

"मला," गोगटे म्हणाले.

रेहानांनी दिवे थोडे मंद केले आणि प्रयोग सुरू केला. हर्षदाचा पाय तशाच एका पट्टीवर होता, पायावर कॅमेरा होता आणि पूर्वस्पंदाची हिरवी रेघ समोरच्या पडद्यावर सरकत होती. रेहाना म्हणाल्या, "दाब." रेघ उसळली, मागोमाग पाय दाबला गेला. मग त्या दोन मिनिटं गप्प बसल्या. रेघ सपाट राहिली.

"आता नीट ऐक. दाबू नकोस. काही झालं तरी पाय दाबू नकोस."

पाय जागचा हलला नाही. कॅमेऱ्यात तो दगडासारखा स्थिर दिसत होता. रेघ मात्र आधीपेक्षा वर गेली.

"दाबू नकोस," रेहाना पुन्हा म्हणाल्या, आणि रेघेने पुन्हा उसळी घेतली.

गोगटे उठून पडद्याजवळ गेले. "हे कसं शक्य आहे? तिने दाबलंच नाही."

"दाबलं नाहीच. पण एखादी गोष्ट नको म्हणायची तर काय नको ते मेंदूला आधी मांडावं लागतं. पोराच्या पुढ्यात पापड ठेवून 'मोडू नकोस' म्हणा, बोट आधी पापडावर जातं. मग मागून मेंदूचा दुसरा भाग येतो आणि हात धरतो. तो लगाम पाव सेकंद उशिरा येतो आणि कपाळाच्या आतून येतो. तुमचे संवेदक टाळूवर आहेत. तिथे मांडलेलं दिसतं, खोडलेलं दिसत नाही."

"पण रोज शेकडो चालक वळणावर रेस सोडतात. तेव्हा तर नियंत्रक बरोबर चालतो."

"सोडणं ही सवयीची हालचाल आहे, तिचा स्पंद वेगळा असतो. जिवाच्या भीतीने स्वतःला रोखणं निराळं. गोगटे, तुमचा नियंत्रक कुणाच्या नोंदींवर शिकला?"

"जिंकलेल्या फेऱ्यांच्या."

"मग त्यात स्वतःला रोखणारं माणूस त्याला भेटणार कुठे?"

गोगटे परत येऊन खुर्चीत बसले. "म्हणजे ती जितकी थांबायला बघत होती, तितकं इंजिन जोरात पळत होतं."

"आणि रेस वाढली की भीती वाढणार. भीती वाढली की ती स्वतःला आणखी बजावणार. इंजिनात काहीच बिघाड नव्हता, म्हणून तर तुमच्या लोकांना तो सापडला नाही."

खुर्चीतून हर्षदाचा आवाज आला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तो तिच्या वयाच्या मुलीचा वाटला. "मग माझ्या मनात न्हवतं?"

रेहानांना 'नव्हतं' म्हणून मोकळं व्हावंसं वाटलं. पण त्या खोटा दिलासा देणाऱ्यांतल्या नव्हत्या. "मला खात्री आहे. समितीला पुरावा लागेल. त्या दिवशीच्या नोंदीत सात उंचवटे आहेत, सुटे सुटे. पण 'हवं'चा उंचवटा आणि 'नको'चा उंचवटा दिसायला सारखाच. इथे मी 'दाबू नकोस' म्हटलं याला साक्ष आहे. तिथे तू मनातल्या मनात स्वतःला काय म्हणालीस याला कोण साक्ष?"

"त्या वेळी बाहेरून कुणी तिला थांब म्हटलं असतं," गोगटे म्हणाले, "तर वेळा जुळवता आल्या असत्या. सात वेळा कुणी काही बोललं आणि सात वेळा स्पंद उठला, असं दाखवता आलं तर प्रश्नच मिटला. हर्षदा, कानात रेडिओ असतो ना तुमच्या?"

"न्हाई," हर्षदा घाईने म्हणाली. "म्हणजे असतोय. पर त्या दिशी बंद हुता. कोण बोललं न्हाई. मी एकटाच हुतो."

कोल्हापूरच्या मुली स्वतःबद्दल असंच बोलतात, त्यात नवल नव्हतं. रेहानांना खटकली ती तिची घाई. गेला तासभर प्रत्येक उत्तर द्यायला ही मुलगी घटकाभर घेत होती.

तेवढ्यात दार ढकलून तिचे वडील आत आले. दिनकर लोहार, पण सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं इंजिनदुरुस्तीचं दुकान होतं. चालू इंजिनावर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावायचं आणि कुठला वॉल्व्ह बोलतोय ते सांगायचं, ही त्यांची ख्याती. सकाळपासून ते बाहेरच्या बाकावर बसले होते आणि दाराची फट त्यांच्या कानांना पुरेशी होती.

"रेडिओ बंद न्हवता, बाई. ती इसरली आसंल," ते म्हणाले. "मीच हुतो बोलायला. हे बगा, सगळं भरून ठेवलंय." त्यांनी खिशातून फोन काढला. "दर शर्यतीचा आवाज मी भरून घेतो. रातच्याला घरी ऐकतो, इंजिन कुठं दुखतंय ते कळतंय. ह्यो मी समितीलाच देणार हुतो. पोरगी माझ्या शब्दाभाईर कधी गेली न्हाई. मी घसा फोडून पाय काढ म्हणतोय, आन ती मुद्दाम रेस देईल? त्या अकरा सेकंदांत मी तिला एकलं सोडलं न्हाई."

"आबा, ऱ्हाऊ द्या ते," हर्षदा म्हणाली.

"का? खरं हाय ते ऐकू दे की त्यास्नी."

"आबा, मी सांगतो ना. लावू नका."

पण त्यांनी लावलं होतं. खोलीत इंजिनाचा कर्कश आवाज भरला आणि त्यावर त्यांची स्वतःची हाक. पाय काढ. मग पुन्हा, पाय काढ, हर्षे. मिस्त्री तिसऱ्या हाकेपर्यंत मान हलवत होते. चौथीला मान थांबली. शेवटी पत्रा फाटल्यासारखा आवाज आला आणि फोन गप्प झाला.

अपघातानंतर त्यांनी हे पुन्हा ऐकलं नव्हतं. ऐकायची हिंमतच झाली नव्हती.

"परत लावतो," ते म्हणाले.

या खेपेला त्यांनी डोळे मिटले आणि दुकानात करत तसा एक कान पुढे केला. ते स्वतःचा आवाज ऐकत नव्हते, त्याच्या मागचं इंजिन ऐकत होते. रेहाना फोनकडे हात नेणार होत्या. मिस्त्रींनी डोळे न उघडताच त्यांना थांबवलं.

"मी बोललो की चढतंय," ते हळूच म्हणाले. "मी गप झालो की उतरतंय."

गोगट्यांनी फोन घेऊन ध्वनी संगणकावर उतरवला आणि नोंदीवर ठेवला. इंजिनाचा आवाज दोन्हीकडे होता, त्यामुळे वेळ जुळवायला कष्ट पडले नाहीत. सात हाका, सात उंचवटे. प्रत्येक हाक आणि तिच्या मागचा उंचवटा यांच्यात तेवढंच अंतर, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याचं. पाय तिने आधीच काढलेला होता, म्हणून 'पाय काढ' ही प्रत्येक हाक तिच्या डोक्यात 'दाबू नकोस' होऊन पोचली होती. गाडी चालकाच्या मनाने सुटली नव्हती याला याहून चोख पुरावा कुठल्याही न्यायालयाने मागितला नसता.

सहाव्या आणि सातव्या हाकेच्या मधे मोकळी जागा होती, दीड सेकंदाची. तिथे रेघ उतरत उतरत जवळजवळ तळाला टेकली होती.

"इथं मला धाप लागल्याली," मिस्त्री म्हणाले. त्यांनी पडद्यावर त्या जागी बोट ठेवलं. "इथं बंडा किती लांब हुता?"

गोगट्यांना तो आकडा पाठ होता. ते म्हणाले, "मोजावं लागेल." आणि त्यांनी मोजलं नाही.

"ल्हानपणापास्नं शाळंत एका बाकावर बसल्याला माणूस. सातवी हाक मारली नसती तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

"डॉक्टर," हर्षदा म्हणाली, "हे समितीला द्यायचं न्हाई. नोंद हाय तशी ऱ्हाऊ द्या. मला कळलं ना मनात न्हवतं म्हणून, बास झालं. शिक्षा मी भोगतो."

"गप," मिस्त्री म्हणाले. आवाज चढला नव्हता. "द्यायचं. पोरीच्या मनात न्हवतं असं लिवा, बाई. आन बोलणारा कोण हुता तेबी लिवा. कुठं सही करू?"

रेहानांनी कागद पुढे केला. त्यांनी सही केली, पेन टोपण लावून परत दिलं आणि समोरच्या स्टुलावर बसले. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं की आता करायला काही उरलं नाही. ओठ हलत होते. कोणते दोन शब्द ते रेहानांना दुरून वाचता येत होते.

"मिस्त्री, यात तुमचा काही दोष नाही. तुम्ही ते मनात..." रेहाना बोलून गेल्या आणि तिथेच थांबल्या. या वाक्याचं माणसाच्या डोक्यात पुढे काय होतं, ते अर्ध्या तासापूर्वी त्यांनीच पडद्यावर दाखवलं होतं. पुढचा शब्द त्यांनी गिळला. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

हर्षदाने स्वतःच पट्टे सोडले, तारा बाजूला केल्या आणि ती वडिलांसमोर येऊन उभी राहिली. "आबा, तुम्ही मनाला लावून..." तीही अडखळली. डॉक्टरांनी काय गिळलं ते तिला कळलं होतं. बापाला 'अमुक करू नका' असं सांगायचं नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. मग काय सांगायचं ते तिला लवकर सुचेना.

"आबा, उठा," शेवटी ती म्हणाली. "बंडाकाकांच्या घरी जायचंय. काकूंच्या म्होरं मी तीन म्हैनं गेलो न्हाई. तुम्ही माझ्या संगं चला."

दिनकर मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलायचे थांबले. मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि दाराबाहेर काढलेल्या चपला शोधू लागले.