जड पेटी

"पेटी उघडू नका, मामंजी! हात जोडते तुमच्यापुढे... भरदुपारी तरी उघडू नका हो!"

मोठ्या सुनेचा तो आर्त स्वर ऐकून सासऱ्यांचा संशय उलट पक्काच झाला. होणारच! दोन वर्षं पाऊस नाही, रानात औषधाला फूल नाही, परसातल्या मधपेट्या एकामागून एक ओस पडलेल्या... आणि आज ही शेवटची पेटी त्यांनी मागून जराशी उचलून पाहिली तर हाताला चांगली जड लागली! अशी पेटी उचलून आत मध किती ते सांगायचं, यात त्यांचा हात उभ्या जन्मात चुकला नव्हता.

"घरातली माणसं कोरडा घास गिळताहेत आणि तू मध दडवून ठेवलास? कोणासाठी? बोल!"

दारात उभी असलेली धाकटी जाऊ जणू याच घडीची वाट पाहत होती. "विचाराच, मामंजी! दर सुट्टीच्या दिवशी या जातात कुठे? येताना शालीखाली काय लपवून आणतात? मी विचारलं तर म्हणतात, देवाला नमस्कार करून आले. पिशवी भरून देणारा हा कुठला देव, आम्हालाही कळू दे की!"

मोठी काय सांगणार होती? माश्या उपाशी मरू नयेत म्हणून ती त्यांना साखरेचा पाक पाजत होती, हे? आणि कुणापुढे? ज्यांच्या मधात साखरेचा कण नसतो म्हणून बाजारात लोक डोळे मिटून विश्वास ठेवत, त्या सासऱ्यांपुढे! 'माझ्या पेटीला साखर लावणारा माझा कुणी नव्हे,' हे त्यांचे शब्द ती नवी नवरी असल्यापासून ऐकत आली होती. तिचा नवरा वारला तेव्हापासून तर त्यांनी देवाचं नावच टाकलं होतं. 'ज्यानं माझा पोरगा नेला, पाऊस नेला, त्याच्या माश्या मी का म्हणून जगवू?' असं म्हणून ते परसाकडे पाठ फिरवून बसत. तिची श्रद्धा मात्र वेडी! हे इवलेसे जीव आपल्या ओटीत घातलेत, आपण त्यांना टाकलं तर कोणत्या तोंडाने देवापुढे उभं राहायचं, एवढंच तिला कळत होतं.

"आवर तुझं चंबूगबाळं! तुझ्या भावाला निरोप धाडतो, घेऊन जाईल तुला!" असं म्हणत त्यांनी झाकण काढलंच. चौकट उचलली, पोळ्यात बोट दाबलं, जिभेला लावलं... आणि म्हातारा जागच्या जागी थिजला. ना फुलाचा वास, ना कसली चव. नुसता गोडवा!

"साखर?" त्यांनी पुन्हा बोट चाटून पाहिलं. "अगं, आपल्या चहाला साखर नाही... ही आणलीस कुठून?"

"बिस्किटांच्या कारखान्यात भांडी घासते मी, सुट्टीला यंत्रं बंद असतात तेव्हा," ती खाली मान घालून म्हणाली. "मजुरी घेत नाही. फाटक्या गोण्या झाडून निघते ना, ती साखर मागून आणते. मुंग्या-माती गाळून पाक करते. यातला थेंबही विकायचा नाही, मामंजी! तुमच्या नावाला बट्टा लागू देणार नाही मी. फुलं येईपर्यंत त्यांचं त्यांना पुरू दे..."

सासऱ्यांची नजर तिच्या हातांवर गेली. सोड्याने सोललेले, भेगाळलेले ते हात! इतके दिवस एका घरात राहून आपल्याला दिसले कसे नाहीत?

"एका शब्दाने विचारलं असतंस, पोरी..."

"तुम्ही नाही म्हणाला असतात. आणि मग मला तुमचा शब्द मोडता आला नसता."

एवढ्यात डोक्यावर घोंघाट उठला. उघड्या पाकाच्या वासावर कुठल्या कुठल्या भुकेल्या परक्या माश्या तुटून पडल्या होत्या! याचसाठी ती दुपार टाळत होती. आणि हे काय सासऱ्यांना ठाऊक नव्हतं? रागापुढे सगळी अक्कल गहाण पडली होती! त्यांनी झाकण लावलं, अंगातला सदरा ओरबाडून काढला, बादलीत बुचकळून पेटीवर पांघरला आणि उघड्या अंगाने पेटीलाच मिठी घातली. डंख बसत होते... पण ते हलले नाहीत.

"चिखल आण! पेटीचं तोंड लिंप, एक माशी जाईल एवढंच ठेव!" ते ओरडले. धावली ती धाकटी! लिंपता लिंपता तिला हुंदका आवरेना. "जाऊबाई, झडो माझी मेलीची जीभ... काय काय मनात आणलं मी तुमच्याबद्दल!"

"लिंप आधी, मग रड," मोठी म्हणाली, आणि स्वतःच रडू लागली.

ऊन कललं तशी परकी झुंड पांगली. पेटीच्या चिमुकल्या तोंडाशी घरच्या माश्या पुन्हा ये-जा करू लागल्या. सासरे भिंतीला टेकून बसले होते. चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते आणि त्यातून पाणी वाहत होतं. मोठी त्यांच्या पाठीत रुतलेले माश्यांचे काटे एकेक करून काढत होती.

"त्या कारखान्यात," ते चाचरत म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला घेतात का गं कामाला?"

तिचा हात थांबला.

"येत्या सुट्टीला मी येतो. भांडी मी घासेन, पोरी... तू नुसत्या गोण्या झाड."