घशातला पहारेकरी

"काही खाल्लंस का?" निमिषने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा शाल्मली वैतागली. मिरजेच्या त्या रुग्णालयात भूल द्यायचं काम निमिष नावाचा यंत्रमानव करत असे. एवढा हुशार, मग एकच गोष्ट पुन्हा पुन्हा का विचारतो?

"नाही म्हटलं ना! मूत्रपिंड बदलायचंय माझं. पोटात काही असलं तर बिघडलं कुठे?"

"आवंढा गिळ बघू. गिळताना श्वास घेता येतो?"

तिने करून पाहिलं. येईना.

"घशातून दोन वाटा फुटतात. एक जठराकडे (अन्नाच्या पिशवीकडे), दुसरी फुप्फुसांकडे. घास वाट चुकला की ठसका लागतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया (न ठरवता आपोआप होणारी हालचाल) म्हणजे तुझा पहारेकरी. साध्या झोपेत तो जागा असतो. भुलीत तोही झोपतो. मग जठरातलं वर आलं, तर थेट फुप्फुसांत!"

शाल्मलीला सकाळ आठवली. निघताना आत्याने तिच्या हातावर दही-साखर ठेवली होती. शुभकामाला निघताना ठेवतात, तशी. ते काय खाणं असतं?

शेजारच्या काचपेटीत तिचं नवं मूत्रपिंड होतं, तिच्याच पेशींपासून वाढवलेलं. उशीर होऊन ते खराब झालं तर दुसरं वाढेपर्यंत पुन्हा वर्षभर डायलिसिस (यंत्राने रक्त गाळणे)!

"निमिष," ती पुटपुटली, "मी दही खाल्लंय. गोड लागलं म्हणून वाटीभर मागून घेतलं."

दाराशी बसलेल्या आत्याने कपाळाला हात लावला. "अगं बाई! मीच दिलं की! पण तो शकुन रे बाबा, ते जेवण नव्हे!"

"जठराला शकुन कळत नाही, आत्याबाई. सहा तास थांबू."

"आणि ते?" शाल्मलीने पेटीकडे बोट दाखवलं.

"पूर्वी अवयव बर्फात ठेवत, म्हणून फार घाई असे. याच्यातून आपण प्राणवायू मिसळलेला उबदार द्रव फिरवतोय. आपण शरीरातच आहोत, असं त्याला वाटतंय."

"टिकेल?"

"टिकायला हवं. बघत राहू."

ती पेटीला नाक लावून बसली. दुपारी मूत्रपिंडाच्या नळीच्या टोकाशी एक पिवळसर थेंब जमला, लोंबकळला आणि टपकन पडला.

"आत्या, धाव! त्याने शू केली!"

"काम सुरू झालं म्हणायचं!" निमिष म्हणाला.

संध्याकाळी तिच्या तोंडावर भुलीचा मुखवटा आला. "निमिष, पेटीत मूत्रपिंड असं महिनाभर जगवता येईल?"

"ते अजून कुणालाच जमलेलं नाही."

"मग मी उठले की बघू या," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.